जमीन आम्ही कसतो, मग पीएम-किसानचे पैसे मालकालाच का?

कारण योजना सातबारा पाहते, पेरणी नाही. वर्षाचे ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, फक्त जमीनधारक कुटुंबाला मिळतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, १८ वर्षांखालील मुले. बटाईदार किंवा खंडकरी यात बसत नाही, आणि माझ्या मते हीच योजनेची सर्वांत मोठी उणीव आहे.

नाव १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी सातबाऱ्यावर लागलेले हवे. त्यानंतर जमीन विकत घेतली असेल तर नाही. वारसाने आली असेल तर चालते, म्हणून वारसाचा फेरफार आधी उरकून घ्या. गेल्या वर्षी प्राप्तिकर भरणारेही वगळले जातात.

पात्र असूनही हप्ता अडलाय? ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि बँक खात्याशी आधार जोडणी, या तिन्ही गोष्टी पीएम-किसानच्या पोर्टलवर तपासा.