वाचक विचारतात: कासवं रात्री दिसतील का?

प्रश्न: मार्चमध्ये नातवाला घेऊन इंदूरहून कोकणातल्या वेळासला जायचं म्हणतोय. रात्रभर किनाऱ्यावर बसलो तर मादी अंडी घालताना दिसेल का?
– एक आजोबा, स्नेहलतागंज

उत्तर: आजोबा, मादीची आशा धरू नका. ती रात्री कधी, कुठे वर येईल सांगता येत नाही, आणि माणसांची चाहूल लागली तर अंडी न घालताच परत फिरते. पिल्लं मात्र बघाच! वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी कुंपणातल्या वाळूत पुरून जपतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, त्या सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. मी गेले तेव्हा पहिल्या संध्याकाळी टोपली रिकामी निघाली, दुसऱ्या सकाळी तळहाताएवढीसुद्धा नसलेली सोळा पिल्लं. तेव्हा दोन रात्री तरी मुक्काम ठेवा. गावात घरगुती राहण्याची सोय आहे.

नातवाला एक आवर्जून सांगा: अंड्यांभोवतीची वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त, थंड राहिली तर नर. आणि मोबाईलचा दिवा किनाऱ्यावर अजिबात लावू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्राची वाट चुकतात.