जुने फोटो स्कॅन केल्यावर मूळ फोटो टाकून दिले तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या घरात ट्रंकभर जुने फोटो आहेत, दर पावसाळ्यात बुरशी धरते, भावंडं सगळी मुंबई-पुण्याला, तेव्हा एकदाचे स्कॅन करून ड्राइव्हवर चढवले आणि मूळ फोटो टाकून दिले तर काय बिघडलं. बिघडतं हो. टाकू नका. स्कॅन कसं करायचं ते खाली सांगते, पण आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय म्हणून आधी ते वाचा.

आमचं मूळ घर विजयदुर्गच्या खाडीकडचं. माझ्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या साठीशांतीचा एक मोठा ग्रुप फोटो होता. मागे काकांच्या हातचं शिसपेनीनं लिहिलेलं, 'अण्णांची साठी, वैशाख शके 1886', म्हणजे 1964 चा मे. सगळे चाकरमानी बोटीनं आलेले. तेव्हा मुंबईहून यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावर रात्रभर पथाऱ्या टाकून नंबर लावायचा, मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी असं करत विजयदुर्ग, आणि बोट कितीतरी बंदरांत धक्क्याला लागायचीच नाही, समुद्रात उभी राहायची आणि पोरंबाळं, ट्रंका, वळकट्या सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवायचं. खलाशी लहान मुलांना चक्क झेलायचे असं माझे वडील सांगायचे. पावसाळ्यात बोट बंद. म्हणून आमच्याकडची सगळी कार्यं वैशाखात व्हायची आणि म्हणूनच आमच्या जुन्या फोटोंतली माणसं सगळी उन्हानं डोळे बारीक केलेली आहेत.

फोटोवाला राजापुरातून आला होता, तिपाईवरचा मोठा कॅमेरा आणि काळं फडकं घेऊन. खळ्यात सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर अण्णा-आजी आणि मोठी मंडळी, मागे बाकावर बाकीचे. आणि अगदी उजव्या कडेला पडवीचा खांब आलाय, त्या खांबाआडून एक बाई अर्धी दिसते, एक खांदा, चेहरा आणि खांबावर ठेवलेला हात. ती माझी आत्या. तेव्हा चोवीस वर्षांची असेल, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. शुभकार्याच्या फोटोत तिनं उभं राहायचं नाही ही तेव्हाची रीत. आजीनं हाक मारली म्हणून ती खांबापर्यंत आली, त्याच्या पुढे नाही आली.

आता काय झालं, काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावानं घरचे सगळे फोटो मुंबईला नेऊन स्कॅन करून आणले. खर्च त्यानं केला, धावपळ त्यानं केली, ते मी नाकारत नाही. पण स्कॅन करणाऱ्यानं कडा छाटून फोटो 'नीट' केले, त्यात खांब गेला आणि खांबाबरोबर आत्या गेली. वर भावानं तो मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपमधून काढला, जुना फोटो नवा करून देतं म्हणे. आजीच्या गालावर देवीचे वण होते, ठसठशीत, आम्ही नातवंडं मांडीवर बसून त्यावरून बोट फिरवायचो. ॲपनं ते पुसून गाल गुळगुळीत करून टाकले, डोळे मोठे केले, नथीचे मोती वितळून एक पांढरा ठिपका झाला, आणि लुगड्याला असा काही जांभळा रंग दिला जो आजीनं आयुष्यात नेसला नाही. कुठली तरी परकी बाई आमच्या अण्णांच्या शेजारी बसवलीय. तो फोटो मोठा करून, फ्रेम करून गणपतीच्या आधी माजघरात लावला. आत्यानं वर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाली, "खांब कुठे गेला गो?"

स्वतःचं नाव घेतलं नाही तिनं. मला अजून आठवलं की चीड येते.

मूळ फोटो मला पडवीत सापडला, जुन्या पंचांगांबरोबर गोणत्यात भरून न्हाणीच्या चुलीत घालायला ठेवला होता. अल्बमची पानंही त्यातच. "स्कॅन झालेत ना आता" असं उत्तर मिळालं. मी गोणता उचलला आणि रत्नागिरीला घेऊन आले. तेव्हापासून भावकीत बोललं जातं की हिनं माहेरचा अल्बम सासरी नेला. लग्न झालेल्या मुलीचा मूळ घरातल्या वस्तूंवर काय हक्क, अल्बम थोरल्या घरात राहायला पाहिजे, वगैरे. चुलीत घालायला ठेवला तेव्हा थोरलं घर आठवलं नव्हतं कुणाला.

तर तुमच्या प्रश्नात जे वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, 'अल्बम नक्की कुणाकडे ठेवावा यावरूनही वाद आहे', तोच खरा प्रश्न आहे असं मला वाटतं आणि माझं उत्तर सरळ आहे. ज्याला फोटोतली माणसं ओळखता येतात त्याच्याकडे. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे याचा इथे काही संबंध नाही. आणि आपल्याकडे माणसं ओळखता येतात ती बहुतेक बायकांना, कारण बारशी, डोहाळजेवणं, आजारपणं, पाहुण्यांची जेवणं सगळं त्यांनी काढलेलं असतं. काकांनी त्या फोटोमागे पुरुषांची नावं ओळीनं लिहिलीत, चार-पाच बायकांपुढे नुसतं 'सौ.' आणि शेवटी 'व घरची मंडळी'. त्या घरच्या मंडळीतली एकूण एक बाई आत्यानं मला सांगितली, माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठल्या गावची, कोण बाळंतपणात गेली, कोण पुढे शिक्षिका झाली. तो जो सतरंजीवर टोपी घातलेला मुलगा आम्ही सगळे धाकटे काका समजत होतो तो शेजारच्यांचा निघाला, काका त्या दिवशी गोवर येऊन आत झोपले होते!

दुसरा एक सांगते. आम्ही लहान असताना घरच्यांनी मिळून एसटीची अख्खी गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे भाड्यानं, घेतली होती, गगनबावड्याच्या घाटातून कोल्हापूर, जोतिबा, नर्सोबाची वाडी. त्या सहलीचे फोटो आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यावरचे, रोलमागे बाराच फोटो यायचे म्हणून फार विचार करून काढलेले, चौकोनी. भावाच्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरचं नाव आहे 'ओल्ड ट्रिप'. बस. आत्याला दाखवले तर तिनं रंकाळ्यावरच्या फोटोत कोण रुसून पाठ करून उभं आहे आणि का रुसलंय ते सांगितलं, घाटात कुणाला गाडी लागली, वाडीला प्रसादाला कोणाच्या पंगतीत बसलो, सगळं. हे स्कॅनरला कळत नाही. आणि आत्या पंच्याऐंशीच्या घरात आहे, म्हणून तुम्हाला सांगते की स्कॅनिंग पुढच्या वर्षी करा हवं तर, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अल्बम घेऊन या मे महिन्यात बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि मध्ये तोंड घालू नका.

आता स्कॅनिंगचं. फ्लॅटबेड स्कॅनर वापरा, काचेवर फोटो पालथा ठेवून वर झाकण लावायचं असतं तो, मोबाईलनं काढलेल्या फोटोत चकाकी येते आणि कडा वाकतात. 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, ठेवा, तळहाताएवढे फोटो असतील तर 1200 करा, तेव्हा बरेच फोटो निगेटिव्हच्याच मापाचे छापायचे. कड छाटायची नाही, पांढरी किनार, कातरलेली नक्षी, सगळं येऊ द्या. मागची बाजू स्कॅन करायचीच, कोरी दिसली तरी, कारण तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, छापखान्याचा नंबर असतो. निगेटिव्ह सापडल्या तर सोनं समजा. सुधारणा करायच्या त्या कॉपीवर करा, मूळ स्कॅनला हात लावू नका, आणि ते चेहरा बदलणारं ॲप तर नकोच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले कलर फोटो लाल पडतात, ते आधी घ्या. काळे-पांढरे थांबू शकतात, त्यातली चांदी टिकते, रंग टिकत नाहीत. आमचाच 1998 चा फोटो बघा, कोकण रेल्वे त्या वर्षी जानेवारीत पूर्ण सुरू झाली आणि मे महिन्यात सगळं कुटुंब पहिल्यांदा रेल्वेनं आलं म्हणून कणकवलीच्या प्लॅटफॉर्मवर फोटो काढला, तो 1964 च्यापेक्षा जास्त विटलाय. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्यात कुणी ती लावलेलीच नसायची.

चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिक असतं ते, फोटोंचे शत्रू आहेत. त्यातून फोटो ओढून काढू नका, दातांचा धागा मिळतो तो मागून हळूहळू सरकवा. काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायचाच नाही, काचेसकट स्कॅन करा. बुरशी ओल्या फडक्यानं पुसली की वरचा थरच निघून येतो, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, तेही बाहेर ओसरीवर आणि तोंडाला मास्क बांधून. मागे नावं लिहायला मऊ शिसपेन, बॉलपेननं पुढे वण उठतात. नव्या गुळगुळीत कागदावर शिसपेन उमटत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवा. कौलांखाली माळ्यावर आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ट्रंक ठेवू नका. ट्रंकेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा.

आणि एकाच घरात सगळं ठेवू नका, मग ते थोरलं असो की धाकटं. माझ्या मावशीचं घर चिपळूणला, 22 जुलै 2021 च्या पुरात तळमजला गेला, अल्बमची वीट झाली. लोकांनी ते तसेच उन्हात टाकले आणि सगळे फोटो एकमेकांना कायमचे चिकटले. भिजलेले फोटो वाळायच्या आत स्वच्छ गार पाण्यात सोडवून, एकेक सुटा, चेहरा वर करून सावलीत वाळवायचे असतात. तेवढा वेळ नसेल तर मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये, म्हणजे पुरात वीज नाही तर कोरड्या गावातल्या नातेवाइकाच्या फ्रीजरमध्ये. मावशीच्या लग्नाचा फोटो आज आहे तो आईकडे एक प्रत होती म्हणून.

हां, हे आधी म्हणायला हवं होतं, सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. एकाच धबधब्याचे दहा फोटो, कुणाच्या तरी रिसेप्शनचे अनोळखी पाहुणे, ज्यांना ओळखणारं आता कुणी नाही असे खुशाल काढा. बुरशीनं पार खाल्लेले फोटो स्कॅन करून वेगळ्या पाकिटात ठेवा, बाकीच्यांत मिसळू नका. आणि घरी दम्याचं माणूस असेल तर ती ट्रंक त्याच्या खोलीत उघडू नका. तुमच्या घरातलं भांडण मला माहीत नाही, कदाचित तुमच्याकडे थोरल्या घरातच सगळं नीट सांभाळलं जात असेल, तर राहू द्या तिथेच.

आमच्याकडे मात्र ठरलंय. आत्या माझ्याकडे असते आणि अल्बम तिच्या कपाटात आहे. खांबासकट, वणांसकट मोठा केलेला फोटो मी करून भावाकडे पाठवलाय, ज्या चुलतभावंडाला हवा त्याला प्रिंट मिळेल, स्कॅन तर सगळ्यांकडे आहेतच. भावानं अजून तो लावलेला नाही. या गणपतीला जाईन तेव्हा माजघरातली ती फ्रेम उतरवून मी स्वतः लावणार आहे, मग होऊ दे काय बोलाचाली व्हायची ती.