मेन डोअरच्या मॉर्टिस लॉकचं, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपाचं, सिलिंडर (चावी घालतो तो भाग) बदलायचंय, दुकानदार 'साठ की सत्तर' विचारतो. माप नक्की कुठून कुठपर्यंत घ्यायचं?

दुकानदाराला एकच आकडा हवा असतो, कारण त्याच्या फळीवरच्या डब्यांवर एकच आकडा ठळक छापलेला असतो. तुम्ही मात्र दोन आकडे घेऊन जा. बाहेरचा वेगळा, आतला वेगळा. 'सिलिंडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि तेवढं आणा' हा सल्ला अर्धवट आहे. अर्धवट सल्ले देणारी माणसं फार ठाम असतात, त्यातली एक आमच्या नात्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माप. दार उघडा. दाराच्या जाडीत जी उभी स्टीलची किंवा पितळेची पट्टी दिसते, तिच्यावर चावीच्या भोकाच्या पातळीला एक एकटा स्क्रू असतो. पट्टीचे वरखालचे स्क्रू वेगळे, हा वेगळा. हाच सिलिंडरला आडवा धरून ठेवतो. या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या हँडल प्लेटच्या तोंडापर्यंत किती मिलिमीटर ते लिहा. मग त्याच मध्यापासून आतल्या प्लेटच्या तोंडापर्यंत. झालं. सिलिंडरची प्रत्येक बाजू पाचपाच मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळते, त्यामुळे २८ भरलं तर ३० ची बाजू घ्यायची. प्लेटच्या बाहेर दोन मिलिमीटर आलं तर हरकत नाही, तीनच्या वर नको. चावीच्या बाजूला एखादा मिलिमीटर आत राहिलं तरी चालतं. नॉबच्या (आतून चावीविना फिरवायची मूठ) बाजूला चालत नाही, ते का ते पुढे येईलच.

दुकानात '६०' म्हणजे बहुतेक वेळा ३०/३० आणि '७०' म्हणजे ३५/३५, स्क्रूचं भोक बरोब्बर मध्यभागी. पण ३०/४० ची बेरीजही सत्तरच होते. सगळा घोळ इथेच आहे.

आता आमचे साडू. ठाण्यात त्यांनी रीसेलचा फ्लॅट घेतला. आधीच्या मालकाकडे, त्याच्या भाडेकरूकडे, कामवाल्या बाईंकडे किती चाव्या असतील कोण जाणे, म्हणून मेन डोअरचं सिलिंडर बदलायचं ठरलं. ठरवलं ते योग्यच. मी भोसरीत आयुष्यभर टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला, त्यामुळे फोनवर सांगितलं, की स्क्रूच्या मध्यापासून दोन्हीकडची मापं कळवा, मी येताना बोहरी आळीतून घेऊन येतो. त्यावर उत्तर आलं, 'अहो एवढं काय त्यात, मिस्त्री मोजतोय.' साडू बँकेतून रिटायर झालेत. त्यांच्या मते क्वालिटीवाल्यांचं काम म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या मालावर रिजेक्टचा शिक्का मारणं. हे ते प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही बोललेले आहेत.

मिस्त्रीने जुनं सिलिंडर काढलं आणि टेप लावला. पावणेतीन इंच. इंच आणि सुतांत मोजणारा चांगला अनुभवी माणूस होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पावणेतीन इंच म्हणजे ६९.८५ मिलिमीटर, म्हणजे सत्तर. माप अगदी बरोबर होतं, फक्त मोजलेली गोष्ट चुकीची होती. साडू जाऊन सत्तरचं घेऊन आले, एका बाजूला चावी, एका बाजूला नॉब, छान पितळी, 'कॉम्प्युटर चावी'वालं. बॉक्सवर ३५/३५ लिहिलेलं होतंच, पण ते बारीक अक्षरात.

सत्यनारायणाला आम्ही पोचलो तेव्हा ते बसवून झालं होतं. बेल दाबायच्या आधीच मला दिसलं. चावीचं तोंड प्लेटच्या बाहेर नाकासारखं आलेलं. बॅगेत सहा इंची स्टीलपट्टी कायम असते (यावरूनही घरात थट्टा होते), ती लावली. सात मिलिमीटर. आत जाऊन पाहिलं तर आतल्या प्लेटचं भोक कानशीने गोल मोठं केलेलं, नॉब त्या खड्ड्यात रुतून बसलेला, आणि पितळेवर पांढरे ओरखडे. नवीकोरी प्लेट हो.

झालं होतं असं. मूळ दार ३८ मिलिमीटर जाडीचं. कुलपाची बॉडी बरोबर मध्ये, म्हणजे स्क्रूच्या मध्यापासून दोन्हीकडे १९. प्लेट ९ ची. बाहेरचं माप २८. पण आधीच्या मालकाने इंटिरिअर करताना दाराला आतून ९ मिलिमीटरचा प्लाय आणि वर १ मिलिमीटरची सनमायका चढवली होती. त्यामुळे आतलं माप ३८. या दाराला ३०/४० च लागतं. ३५/३५ घातलं की आतून नॉब प्लेटला आपटतो, सिलिंडर तीन मिलिमीटर अलीकडेच थांबतं आणि पट्टीतला स्क्रू भोकात जातच नाही. मिस्त्री 'बैठ जाएगा साहब' म्हणाला आणि त्याने खरंच बसवलं, कानशीने. आपल्याकडे इंटिरिअर करताना दाराची एकच बाजू जाड करायची पद्धत सर्रास आहे, म्हणून तुमच्या दाराच्याही आतल्या बाजूची जाडी नीट पाहा. कडेला प्लायची किंवा लिपिंगची (कडेला लावलेली लाकडी पट्टी) वेगळी रेघ दिसली, की ३०/३० आणि ३५/३५ विसरा.

मी जुनं सिलिंडर कुठे म्हणून विचारलं. ते बाल्कनीत मलब्याच्या गोणीत गेलं होतं. बाकीची मंडळी शिऱ्याचा प्रसाद खात असताना मी गोणीत हात घातला. सिमेंट झटकून पट्टी लावली. भोकाच्या मध्यापासून एकीकडे ३०, दुसरीकडे ४०. कुठलाही वाद उरायला नको होता. साडूंनी ते हातात घेतलं, दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले, 'बेरीज सत्तरच ना?'

चावी लागते, दार बंद होतं, मग अडचण काय, हा त्यांचा मुद्दा. तुमचाही हाच प्रश्न असेल तर ऐका. या सिलिंडरची सगळ्यात कमकुवत जागा म्हणजे मधलं ते स्क्रूचं भोक. तिथे जिभेसाठी (चावीबरोबर फिरून कुलपाचा बोल्ट सरकवणारा मधला तुकडा) खाच आहे, स्क्रूसाठी भोक आहे, धातू उरतो जेमतेम. बाहेर आलेलं तोंड पकडीत धरता आलं की जोर नेमका तिथे जातो आणि सिलिंडर दोन तुकडे होऊन हातात येतं. चावी कॉम्प्युटरची असो नाहीतर सोन्याची, ती तेव्हा कामाची नाही. इंग्लंडमध्ये अशा घरफोड्या इतक्या झाल्या की तिथे 'टीएस ००७' नावाचं वेगळं स्टार रेटिंग आलं. त्यातल्या चांगल्या सिलिंडरना बाहेरच्या अंगाला मुद्दाम एक चीर दिलेली असते, म्हणजे तुटलंच तर पुढचा तुकडा तुटावा आणि बाकीचं कुलूप जागेवर राहावं. आपल्याकडे दुकानात तसं मागितलं तर माणूस तोंडाकडे बघतो. म्हणून आपल्या हातात फुकटातला उपाय एकच, योग्य माप आणि तोंड प्लेटच्या लगत.

पुढे साडू जमिनीच्या कामासाठी गावी गेले होते, तेव्हा मेहुणीचा मला फोन आला. ३०/४० मी घेऊन गेलो. पाच मिनिटांचं काम. साडूंना ते कळलंय की नाही मला माहीत नाही, कारण विषय निघाला की ते अजूनही 'आमचं सत्तरचं व्यवस्थित चाललंय' म्हणतात.

तर, तुमचं काम. मोजायला टेप घेऊ नका, स्टीलची पट्टी घ्या. टेपचा पुढचा हुक हलतो तो बिघडलेला नसतो, स्वतःच्या जाडीइतका सरकावा म्हणून तो सैलच रिव्हेट केलेला असतो, पण जुना झाला की तो आणखी सरकतो. इथे आपण पाच मिलिमीटरच्या टप्प्यासाठी भांडतोय. टेपच असेल तर दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजा आणि दहा वजा करा, तेवढं कोणालाही जमतं.

एका बाजूला नॉब हवा असेल तर नुसतं '३०/४०' म्हणून थांबू नका. नॉब चाळीसच्या बाजूला की तीसच्या, हे सांगावंच लागतं, कारण सिलिंडर उलटं फिरवून बसवलं तर नॉब बाहेर येईल. कागदावर चित्र काढा, मध्ये टिंब, डावीकडे 'बाहेर ३० चावी', उजवीकडे 'आत ४० नॉब'. त्या कागदाचा फोटो दुकानदाराला पाठवा. असमान मापं तो बहुतेक ठेवत नाही, मागवून घ्यावी लागतात, दोनचार दिवस धरा. तो 'सत्तरचं घ्या, तेच ते' म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. कंपनी बदलली तरी चालते. या सिलिंडरच्या आकाराला यूरो प्रोफाइल म्हणतात आणि तो ठरलेला आहे, वरचा गोल १७ मिलिमीटर, खालचा पाय १० चा, एकूण उंची ३३. गोदरेजच्या बॉडीत डॉर्सेटचं सिलिंडर बसतं. अपवाद एकच, मधल्या जिभेऐवजी दातेरी चाक असेल तर जुनं सिलिंडरच खिशात घालून न्या.

काढायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच, तरी एक गोष्ट लोकांना अडवते. पट्टीतला तो लांब स्क्रू पूर्ण काढला तरी सिलिंडर बाहेर येत नाही, कारण जीभ तिरकी बाहेर आलेली असते. चावी घालून घड्याळाचा तासकाटा साडेबाराला किंवा साडेअकराला असतो तेवढीच फिरवा आणि हलक्या हाताने पुढेमागे करा, जीभ आत गेली की आपोआप सरकतं. हातोडी मारू नका. सिलिंडर काढलेलं असताना दार ओढून घेऊ नका, आणि घरातल्या लहान मुलांना तेवढा वेळ दुसरीकडे पाठवा.

दोन्ही बाजूंना चावी की आत नॉब, यावर माझं मत स्पष्ट आहे. राहत्या घराला आत नॉबच हवा. रात्री आग लागली, गॅसचा वास आला, तर अंधारात चावी शोधत बसायची वेळ येऊ नये. फक्त तुमचं दार जाळीचं असेल किंवा शेजारच्या खिडकीतून हात आत पोचत असेल तर हेच मत उलटं होतं, तेव्हा तेवढं बघून घ्या.

आणि हे खरं तर आधीच विचारायला हवं होतं, तुम्ही सिलिंडर बदलताय कशासाठी? चावी जड जाते म्हणून असेल तर आधी दार उघडं ठेवून चावी फिरवून बघा. उघड्या दारात मऊ फिरत असेल तर सिलिंडर ठणठणीत आहे. पावसाळ्यात दार फुगलंय किंवा बिजागरं उतरलीत आणि बोल्ट चौकटीतल्या पट्टीला घासतोय, ते सुताराचं काम आहे. उघड्या दारातही जड जात असेल तर आत खोबरेल तेल गेलंय का ते घरात विचारा. आमच्याकडे आजी सोडायची. ते धूळ धरतं आणि थंडीत बाटलीत गोठतं तसं सिलिंडरच्या आतल्या बारीक पिनांमध्येही गोठतं. तिथे तेल नाही, ग्रॅफाइटची पूड घालायची, मिळाली नाही तर मऊ पेन्सिलीचं शिसं चावीवर घासून चावी दहावीस वेळा आतबाहेर करायची.

तुमच्याकडे हँडलवालं मॉर्टिस लॉक आहे असं धरून हे सगळं लिहिलंय. दाराच्या आतल्या अंगावर पेटीसारखं लॅच असेल आणि बाहेर नुसती गोल चकती, तर वरचं एकही माप लागू नाही. त्या सिलिंडरला मागे एक चपटी पट्टी असते, ती आणि मागचे दोन स्क्रू दाराच्या जाडीप्रमाणे कापून घ्यायचे असतात. अशा वेळी दाराची जाडी, सनमायका धरून, एवढंच लिहून न्या.