जुन्या लॉन मोवरचा एअर फिल्टर कुठं मिळेल? नाहीच मिळाला तर फिल्टर काढून मशीन चालवली तर चालतंय का?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. संभाजीनगरजवळ तुमच्या मंगल कार्यालयाचं लॉन आहे, त्यासाठी सेकंडहँड पेट्रोलची गवत कापायची मशीन घेतली, वरचं स्टिकर कधीच निघून गेलंय, आतला एअर फिल्टर कुजून त्याचे तुकडे पडायलेत, दुकानदार कंपनीचं नाव विचारतो अन् ते तुम्हालाच माहीत नाही, आणि आता मिस्तरी म्हणायलाय की फिल्टर काढूनच टाका नाहीतर मोटरसायकलचा कापून बसवून देतो. मी लातूरकडं हीच कामं करतो, फवारणी पंप, पॉवर वीडर, ब्रश कटर अन् अधूनमधून लॉनच्या मशीनी, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

आधी मिस्तरीच्या सल्ल्याचं बघू. फिल्टर काढून मशीन चालते, चालते म्हणजे पहिल्या दिवशी उलट मोकळी वाजते, पिकअप चांगला वाटतो, अन् माणूस तिथंच फसतो. एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते, अन् ही हवा मशीन घेते कुठून तर पातं जिथं फुफाटा उडवायलंय त्याच्या बरोब्बर वरून. आपल्याकडं जानेवारीनंतर जमीन कशी होती तुम्हाला सांगायला नको. फिल्टर नसलेलं इंजिन अशा जागी चालवणं म्हणजे तोंडाला फडकं न बांधता सोयाबीनच्या मळणीयंत्रापुढं उभं राहण्यासारखं आहे. बारीक माती बोअरवरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या आतल्या, ऑइलला चिकटते, पिस्टनच्या रिंगा वरखाली होताना तीच घासतात, मग काही दिवसांनी ऑइल कमी व्हायला लागतं, निळसर धूर येतो, दोरी ओढताना हाताला जोर लागत नाही म्हणजे कॉम्प्रेशन, आतला दाब, गेलं. अजून एक, कार्बुरेटरचं, म्हणजे पेट्रोल अन् हवा मिसळणाऱ्या भागाचं, सेटिंग फिल्टर गृहीत धरून केलेलं असतं, फिल्टर काढला की हवा जास्त अन् पेट्रोल कमी असं मिश्रण होतं, इंजिन जास्त तापतं. फिल्टर काही शे रुपयाचा, पिस्टन रिंग बोअरचं काम हजारात, त्यामुळं फिल्टर येईपर्यंत मशीन उभी ठेवा अन् तोवर ब्रश कटरवाला बोलवून गवत कापून घ्या हे माझं स्पष्ट मत.

आता मुद्द्याचं. तुम्ही मशीनची कंपनी शोधायलात, अन् सगळा घोटाळा तिथं व्हायलाय. मोवरच्या डेकवर, म्हणजे पात्यावरच्या मोठ्या झाकणावर, नाव एकाचं असतं अन् इंजिन दुसऱ्याच कंपनीचं असतं. फिल्टर इंजिनचा असतो. एकाच इंजिनवर पाच वेगवेगळ्या रंगाच्या मशीनी निघतात अन् सगळ्यांना तोच फिल्टर बसतो, अन् उलटही होतं, दोन मशीनी दिसायला सारख्या पण इंजिन वेगळं म्हणून फिल्टर वेगळा. त्यामुळं स्टिकर गेलं याचं टेन्शन घेऊ नका, इंजिनवरचे आकडे ठोकलेले असतात, ते पुसत नाहीत, फक्त मातीखाली अन् ऑइलखाली गेलेले असतात. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं अन् जुना टूथब्रश घ्या, मशीन थंड असताना घासा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, दिसतंय.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन असेल तर पत्र्यावर मॉडेल, टाइप अन् कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात, स्पार्क प्लगच्या वरच्या पत्र्यावर बघा, नाहीतर सायलेंसरच्या वरच्या पत्र्याजवळ, नाहीतर दोरीच्या स्टार्टरच्या झाकणावर. तिन्हीचा फोटो घ्या. कोड म्हणजे इंजिन बनल्याची तारीख, पहिले दोन आकडे साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे ०८०३१२ ने सुरू होत असेल तर १२ मार्च २००८. सेकंडहँड घेताना "दोन वर्षच वापरलीय" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवायला लई मजा येते. होंडाचं असेल तर इंजिनच्या बॉडीवर जीएक्सव्ही १६०, जीसीव्ही १६० असं ओतीव अक्षरात दिसतं, अन् खाली सिरियल नंबर ठोकलेला असतो. चायना इंजिन असेल तर १पी६४एफ, १पी७०एफ असलं काहीतरी असतं, ही उभ्या शाफ्टची, म्हणजे फिरणारा दांडा खाली पात्याकडं असलेली, खास मोवरची इंजिनं.

इथं एक सांगतो, पॉवर वीडरवर आपल्याकडं सर्रास दिसतं ते १६८एफ हे होंडा जीएक्स १६० ची नक्कल आहे, आडव्या शाफ्टचं, अन् त्याचा फिल्टर मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, कुठल्याही शेती अवजाराच्या दुकानात टांगलेला असतो. दुकानदार "हाच बसतोय बघा, सगळ्याला हाच लागतो" म्हणून तोच हातात देतो. तुमच्या मशीनला नाही बसणार. त्या फिल्टरला मधे भोक असतं अन् तो विंग नटनं, म्हणजे पंखवाल्या नटनं, आवळतात, मोवरच्या इंजिनाला बहुतेक वेळा चपटा चौकोनी फिल्टर असतो अन् तो प्लास्टिकच्या खोबणीत बसतो.

नंबरावरून फिल्टर कसा काढायचा ते सांगतो. होंडाच्या पार्ट नंबरचे तीन तुकडे असतात, पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात, मधली तीन अक्षरं इंजिन कुठलं ते, शेवटचे तीन आकडे त्यातला प्रकार. १७२१० किंवा १७२११ नं सुरू झालं की तो एअर फिल्टरच. उदाहरणार्थ जीसीव्ही १६० चा १७२११-झेडएल८-०२३, अन् जीएक्स १६० चा १७२१०-झेडई१ नं सुरू होतो, म्हणजे मधली अक्षरं जुळली नाहीत तर फिल्टर कितीही सारखा दिसू द्या, घेऊ नका. ब्रिग्जमधे जुन्या साडेतीन ते साडेसहा हॉर्सपॉवरच्या लई मोवरना ४९१५८८एस हा चपटा कागदी फिल्टर लागतो, त्याच्या सोबतचा फोम वेगळा येतो, ४९३५३७एस. हे नंबर ऑनलाइन शोधताना अर्थातच इंग्रजी अक्षरात टाका. आधी कंपनीच्या साइटवर मॉडेल अन् टाइप टाकून पार्ट लिस्ट उघडा, तिथून नंबर घ्या, मग तो नंबर घेऊन कुठंही खरेदी करा. "लॉन मोवर एअर फिल्टर" एवढंच टाकून शोधलं तर दोनशे फोटो येतात अन् त्यातला एकही आपला नसतो.

कंपनीचाच पाहिजे का? माझं म्हणाल तर गरज नाही, नंबर जुळणारा बाहेरचा चालतो, पण हातात घेऊन कडेचं रबर बघायचं. कागद कसला आहे यापेक्षा रबराची कड मऊ अन् सलग आहे का हे मी आधी बघतो, कारण कड कडक असली की फिल्टर घट्ट बसत नाही, अन् सगळी माती कागदातून न जाता बाजूच्या फटीतून जाते. मग फिल्टर बघावं तर स्वच्छ, अन् इंजिनाची वाट लागलेली.

संभाजीनगरला असाल तर जुना मोंढा, जाफर गेटच्या बाजूला मशिनरीची दुकानं पालथी घाला, जालना नांदेड लातूरकडच्यांनी आपापल्या मोंढ्यात विचारा, पण जुना फिल्टर, नसेल तर त्याचे तुकडे, अन् इंजिनच्या नंबरचा फोटो घेऊनच जा. अजून एक ठिकाण लोकांच्या डोक्यात येत नाही, वाळूज चिकलठाण्याच्या कंपन्यांची लॉनं सांभाळणारे गार्डनचे ठेकेदार. त्यांच्याकडं चारपाच मशीनी रोज चालतात, त्यांना सामान कुठून आणायचं ते पाठ असतं. नंबर काहीच सापडला नाही तर फिल्टर बसतो त्या घराची आतली लांबी, रुंदी अन् खोली मिलिमीटरमधे मोजा, जुन्या फिल्टरची मोजू नका, तो फुगलेला किंवा दबलेला असतो.

मोटरसायकलचा कापून बसवायचं? कागदी फिल्टर कापला की त्याची कड गेली, अन् वर सांगितलं तसं कड गेली की सगळंच गेलं. फेविक्विक, एमसील लावून बसवलेले बघितलेत मी, थरथरीनं तडा जातो अन् तो तुकडाच कार्बुरेटरमधे जातो. तुमच्या इंजिनाला मुळातच फोमचा फिल्टर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फिल्टरचा म्हणून मिळणारा मोकळ्या जाळीचा फोम आणून मापात कापला अन् ऑइल लावून बसवला तर चालतो. सोफ्याचा, गादीचा किंवा भांडी घासायचा स्पंज नको, एकतर त्यातून हवा जात नाही म्हणून मशीन काळा धूर टाकती, दुसरं म्हणजे पेट्रोलच्या वाफेनं त्याचा चुरा होतो अन् तो आत ओढला जातो.

बसवायला काही अवघड नाही पण क्रम पाळा. पहिल्यांदा प्लगची टोपी काढा, पात्याला हात लागणार असो नसो. मग फिल्टरचं झाकण उघडायच्या आधी ते बाहेरून फडक्यानं अन् ब्रशनं साफ करा, नाहीतर झाकण उघडताच वरची माती सरळ आत पडती. जुना काढायच्या आधी फोटो काढा, कुठली बाजू वर होती ते नंतर आठवत नाही. फिल्टर निघाला की कार्बुरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा अन् मगच फिल्टरचं घर पुसा, ओल्या फडक्यानं, फुंकर मारू नका, हवा मारू नका. मागं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पातळ चकती, असतं ते फाटलंय का बघा, ज्या इंजिनाला सुरू करायच्या आधी दाबायचा रबराचा प्रायमर बल्ब असतो त्यात ते गॅस्केट फाटलं तर मशीन थंडीत सुरूच होत नाही अन् लोक कार्बुरेटर खोलत बसतात. नवीन बसवताना फोम अन् कागद दोन्ही असतील तर हवेच्या वाटेत आधी फोम, मग कागद, म्हणजे फोम बाहेरच्या अंगाला. झाकणाच्या जिभा खाली खाचेत नीट अडकवा अन् स्क्रू हातानंच आवळा, प्लास्टिक पिचलं की झाकण मिळायला फिल्टरपेक्षा जास्त त्रास होतो. आणि हो, कोंबलेलं फडकं आधी काढा.

एकदोन वेळा लॉन कापून झालं की पुन्हा उघडा अन् फिल्टरच्या मागं, कार्बुरेटरच्या बाजूला, बोट फिरवा. बोटाला माती लागली म्हणजे फट आहे.

साफ कधी करायचा तर ब्रिग्जवाले फोमसाठी २५ तास म्हणतात, होंडावाले ५० तास, पण दोघंही धूळ असेल तिथं याच्याआधी करा असं लिहितात, अन् आपण त्या "धूळ असेल तिथं" मधेच राहतो. फोम कोमट पाण्यात कपड्याच्या पावडरनं धुवा, दाबून पाणी काढा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा, मग इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून दाबून सगळीकडं पसरवा अन् जास्तीचं फडक्यात टिपून घ्या. ऑइल लावायला विसरला तर कोरडा फोम बारीक माती धरत नाही. पण कागदासोबत जो फोम येतो त्याला ऑइल लावायचं का नाही ते मॅन्युअलमधे बघा, काहींना कोरडाच ठेवतात, ऑइल कागदाला लागलं की कागद गेला. कागदी फिल्टर धुवायचा नाही, पेट्रोलमधे बुडवायचा नाही, फरशीवर हलक्या हातानं आपटायचा. पंक्चरवाल्याकडं नेऊन जोरात हवा मारायची सवय आपल्याकडं लई आहे, त्यानं कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. होंडा काही इंजिनांना हवा मारायची परवानगी देते पण ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) च्या आत अन् आतून बाहेरच्या दिशेनं. टॉर्च मागून धरला अन् उजेड आला नाही किंवा ठिपके ठिपके चमकले तर फेकून द्या.

लॉनमधे नुकतीच माती अन् शेणखत पसरलं असेल तर ते मुरेपर्यंत मशीन फिरवू नका. एरवी आदल्या दिवशी सकाळी हलकं पाणी मारा, दुसऱ्या दिवशी गवत कोरडं अन् माती बसलेली अशा वेळी कापा, फिल्टर दुप्पट टिकतो असं माझा अनुभव सांगतो. मंगल कार्यालयाचं लॉन असल्यामुळं मंडपाचे खिळे अन् तारा आधी वेचून घ्या, ते फिल्टरचं नाही पायाचं दुखणं आहे, पण सांगून ठेवलं.

शेवटचं म्हणजे पातं साफ करायला मशीन आडवी करताना एअर फिल्टरची बाजू कायम वर. दुसऱ्या बाजूनं पाडली की इंजिनातलं ऑइल फिल्टरमधे उतरतं, नवाकोरा कागद पाच मिनिटात चिंब, अन् वर पांढऱ्या धुराचे लोट. तुमचा आधीचा फिल्टर ऑइलनं काळा चिकट झालेला असेल तर आधीच्या मालकाकडं हेच झालं असणार, नाहीतर ऑइल जास्त भरलंय, तेव्हा नवा टाकायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघून घ्या. अन् मागवताना दोन मागवा, ऐन लग्नसराईत कुरियरची वाट बघत बसायची वेळ येणार नाही.