आठवड्याची एकच गोळी

प्रश्न : सासूबाईंना (वय ६८) संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालंय. रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीवर फार्मासिस्टबाईंनी तेच तेच तीनदा विचारलं. मागे रांग ताटकळत होती. एवढी उलटतपासणी कशाला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मी अशाच खिडकीच्या आत २२ वर्षं उभी आहे, त्यामुळे त्या बाईंचीच बाजू घेणार! ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्याकडे गोळी म्हटली की रोजची, बीपीसारखी. ही रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेततं.

एक आजोबा सगळं ऐकून "हो हो" म्हणाले. "आता तुम्ही मला सांगा," म्हटलं, तर उत्तर आलं, "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." तेव्हापासून "समजलं का?" हा प्रश्न मी सोडूनच दिला. पाकिटावर जाड मार्करने "फक्त बुधवार" असा एकच वार लिहिते, आणि तो वार पेशंटलाच निवडायला लावते. आजोबांनी गावच्या बाजाराचा वार निवडला.

सोबत दिलेलं फॉलिक अॅसिड (या औषधाचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व) डॉक्टरांनी सांगितलेल्या वारीच द्या. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळसर, बारीक. एका डबीत सुट्या ठेवू नका. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट नको. ताप, तोंडात फोड किंवा धाप लागली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि दुखतंय म्हणून दुकानातून परस्पर आणलेली गोळीसुद्धा आधी त्या खिडकीवर दाखवा. रांग असली तरी.