नळी चकचकीत, तरी गोळी भरकटते

प्रश्न : वडिलांचं .32 चं विलायती रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आलं आहे. नळी चार इंची, आतून स्वच्छ. रेंजवर वाळूच्या पिशवीवर हात टेकवूनही 25 मीटरवर गोळ्या वीतभर फाकतात. ओळखीचे टर्नर नळी आतून पॉलिश करून देतो म्हणतात. करून घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. एक तर परवान्याशिवाय हत्याराची दुरुस्ती करणं शस्त्र कायदा 1959 प्रमाणे गुन्हा आहे. दुसरं, पॉलिशनं बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, मोठा होतो, आणि मोठा झालेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही. काडतुसालाही दोष देऊ नका; .32 लाँगवर आजही 25 मीटरच्या सेंटर फायर स्पर्धा खेळल्या जातात.

आधी दोष नळीत आहे की सिलिंडरमध्ये, ते ठरवा. सिलिंडरच्या सहा चेंबरना, म्हणजे काडतुसं भरायच्या घरांना, खडूनं नंबर द्या आणि प्रत्येकातून पाच-पाच गोळ्या वेगळ्या टार्गेटवर मारा. प्रत्येक चेंबरचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) लहान, पण जागा वेगवेगळी, तर सिलिंडर बघायचा. सगळेच ग्रुप फाकले, तर संशय नळीवर.

तसं निघालं तर परवानाधारक आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, आधी नळीचं तोंड भिंगाखाली बघायला सांगा. सॉलिड फ्रेमच्या, म्हणजे मधून न दुमडणाऱ्या, रिव्हॉल्व्हरची नळी मागून साफ करता येत नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते. वर्षानुवर्षं लोखंडी सळई एका बाजूला घासली की तिथली कड झिजते. गोळी सुटताना गॅस त्या बाजूनं आधी निसटतो, गोळीच्या बुडाला तिरका धक्का बसतो. कड नव्यानं कापता येते. मात्र लेथवर नळीचा सेंटर बोअरवरून काढायचा. बाहेरचा व्यास धरून जॉब, म्हणजे नळी, लेथच्या चकात (पकडीत) बांधला, तर कड पुन्हा तिरकीच येणार. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाचं एवढं ऐका.

मग मऊ शिशाचा तेल लावलेला तुकडा पितळी दांड्यानं तोंडाकडून आत ढकलायचा. एकसारखा सरकला तर उत्तम. फ्रेमजवळ येऊन अडखळला, तर नळी फ्रेममध्ये बसवताना आटे फार घट्ट आवळल्यामुळे नळी तिथे दबलेली आहे. हा दोष मला सगळ्यात लबाड वाटतो, कारण डोळ्याला काहीच दिसत नाही. गोळी त्या जागी बारीक होते, शिसं परत फुगत नाही, आणि पुढच्या बोअरमध्ये ती ढिली जाते. नळीतल्या पीळदार खाचा तिला नीट पकडत नाहीत. इलाज लॅपिंगचा, म्हणजे बारीक पूड लावून घासण्याचा, तेही फक्त तेवढ्या जागी.

नळीचं मागचं तोंड, म्हणजे फोर्सिंग कोन, एका बाजूला जास्त कापला गेला असेल तर गोळीचं शिसं सोललं जातं. बाजूच्या माणसाला कण लागतात का, विचारा.

लांब नळी बसवण्याच्या भानगडीत पडू नका. तिच्यानं नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर वाढून नेम धरणं सोपं जातं, इतकंच.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट तुम्ही लिहिली नाही. रिकाम्या हत्यारात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून मापून घ्या. 0.10 ते 0.15 मिमी चालेल. त्याहून बरीच जास्त भरली तर पुन्हा लिहा.