ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (जन्मतः हाडं ठिसूळ असण्याचा आजार) असेल तर ऐकूही कमी येतं का? ऑपरेशन करावं की ऐकण्याची मशीन लावावी?

हो, येतं. सगळ्यांना नाही, पण मोठेपणी साधारण निम्म्या लोकांना, आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान. तुम्ही 29 वर्षांच्या, डावा कान जड झालाय, म्हणजे वेळ तीच आहे. पण ताई, मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी: "सासू म्हणते, तुझ्या आईने गरोदरपणी नीट खाल्लं नसेल."

आमचं गाव आर्वी तालुक्यात. चालायला लागले तेव्हाच माझा पाय मोडला, मग हात, मग पुन्हा तोच हात. दर प्लास्टरला आत्या हजर. आईसमोर म्हणायची, "गरहनात काही चिरलं असन इनं, नाही त पोरीचे हाडं खडूवानी काहून मोडतीन?" आई काही बोलायची नाही. मला दूध, तिळाचे लाडू, कॅल्शियमच्या गोळ्या चारत राहायची. या आजारात खोट कॅल्शियमची नसतेच. हाड ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनावर उभं राहतं तेच जन्मतः कच्चं किंवा कमी असतं.

आणि त्याच घरात चुलीपाशी माझी आजी बसलेली असायची. आत्याची सख्खी आई! डोळ्यांचा पांढरा भाग निळसर, मनगट वाकडं, आणि तिशीपासून गावभर 'बहिरी' म्हणून ओळख. वर ती सोंग करते असंही म्हणायचे, कारण घरात हाक मारली तर ऐकू जायचं नाही, पण खळ्यावर थ्रेशर धडधडत असताना सगळं समजायचं. सोंग कसलं? मधल्या कानातली रिकीब, जेमतेम तीन मिलिमीटरचं हाड, या आजारात पिचते किंवा अडकून बसते. मग बाहेरचा गोंगाट आत फारसा पोचतच नाही. थ्रेशरजवळ मात्र बाकीचे बेंबीच्या देठापासून ओरडून बोलतात, ते तेवढं पोचतं. एवढं साधं कारण, पण म्हातारी मरेपर्यंत टोमणे खात राहिली.

माझा कान पहिल्या बाळंतपणानंतर जास्त बिघडला. एका डॉक्टरांनी ओटोस्क्लेरोसिस (रिकीब अडकवणारा कानाचा वेगळा आजार) लिहून ऑपरेशनची तारीखही दिली. हाडं किती वेळा मोडली, हे विचारलंच नाही. दोन्ही आजारांत ऐकण्याच्या तपासणीचा आलेख सारखा दिसू शकतो, पण आपल्या कानातलं हाड ठिसूळ असतं, ऑपरेशनमध्ये रक्तही जास्त जाऊ शकतं. तारीख सोडली आणि वर्ध्याला पुन्हा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. हेडफोनमधली शिट्टी ऐकू येईना. मग तिथल्या मुलीने कानामागच्या हाडावर पट्टीने एक चिमुकली डबी टेकवली, आणि तीच शिट्टी डोक्यात लख्ख वाजली. म्हणजे आतली नस शाबूत, अडथळा वाटेत. माझे डोळे पाहून घरात आणखी कोणाचे असे आहेत का, हे विचारणारी ती पहिलीच.

आजीचे होते, बाबांचे आहेत. आजीकडून बाबांना, बाबांकडून मला. अशा घरात दर मुलामागे शक्यता निम्मी. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मेलेल्या मायवर नको घालू." मी कोणावर घालतच नाहीये. आत्याकडे तो आला नाही हे तिचं नशीब, कर्तृत्व नव्हे. माझ्या आईने मात्र फुकटचं ऐकून घेतलं. तुमच्या सासूबाईंना म्हणावं, आधी नात्यातले डोळे आणि कान तपासा, मग विहिणीच्या ताटात डोकवा.

राहिला तुमचा प्रश्न. मी म्हणते, मशीन लावा. मी लावते, कापूस वेचायला जाताना घामामुळे काढून डबीत ठेवते, बाकी दिवसभर कानात. लोक बघतात तर बघू देत. कानात तेल सोडू नका. हाडांसाठी जे सलाइन देतात त्याने गेलेलं ऐकणं परत येत नाही.

ऑपरेशन वाईटच असं नाही. हा आजार माहीत असलेल्या, हात बसलेल्या सर्जनकडे काहींना चांगला फरक पडतो, पण पुढे नसही कमजोर होऊ शकते आणि मशीन लागतेच. ऐकणं फारच गेलं तर कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं यंत्र) हा मार्ग आहे. आणि हो, आमच्यासारखं प्रत्येक घरात नसतं. कधी आईवडील दोघेही निरोगी असतात आणि जनुकातला बदल मुलातच नव्याने होतो. काही प्रकारांत तो दोघांकडून येतो, मामे-आते नात्यात लग्न झालं असेल तर हे मुद्दाम सांगा. जनुक तपासणी करता आली तर करा. खाण्याचा आणि ग्रहणाचा संबंध त्यातही नाही.

ऑडिओमेट्री आत्ताच करून घ्या, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला, आणि दर दोन-तीन वर्षांनी परत. जुने आलेख टाकू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या व्याख्येत बसायला दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलची घट लागते, एकाच कानावर प्रमाणपत्राची आशा धरू नका.